दोनदा चोच

कोंबडं हरलं की मरतं. जिंकलं तरी बरेचदा मरतं, फक्त जरा उशिरा. हे कळायला मला झुंजीच्या आखाड्यात अर्धं आयुष्य घालवावं लागलं. माणसांचंही तसंच असतं, हे कळायला पाराईसोतला एक आठवडा पुरला.

पाराईसो म्हणजे स्वर्ग. नाव मोठं, लक्षण खोटं. पूर्वी तिथे कोंबड्या कापून सोलायचा कारखाना होता. आमच्या बॉसने, डेल्फिनने, तो घेतला, भिंती उंच केल्या, वर काटेरी तार ओढली, खिडक्या पत्र्याने बंद केल्या आणि आत टेबलांच्या रांगा मांडल्या. प्रत्येक टेबलावर एक संगणक आणि संगणकापुढे एक पोरगा नाहीतर पोरगी. टायपिंगचं काम, राहणं-जेवण फुकट, असं सांगून आणलेली. काम टायपिंगचंच होतं, त्यात खोटं काही नाही. परदेशातल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांशी प्रेमाच्या गप्पा टाईप करायच्या आणि त्यांना नागवायचं. एकेका पोरीला एका वेळी पंधरा-वीस म्हाताऱ्यांवर प्रेम करावं लागे. बोटं अडली की म्हातारा विचार करायला लागतो आणि विचार करणारा म्हातारा पैसे पाठवत नाही, हे डेल्फिनचं तत्त्वज्ञान.

म्हणून दर आठवड्याला परीक्षा. सलग एक तास. समोरचा मजकूर टाईप करायचा, मान वर करायची नाही, पाणी मागायचं नाही, लघवीला उठायचं नाही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे मिनिटाला किती शब्द पडतात ते दिसत राहायचं आणि दर चुकीला पाच शब्द कापले जायचे. “पहिली पाच मिनिटं गाढवही घोडा असतं,” डेल्फिन म्हणायचा. “मला शेवटची पाच बघायचीत.” शेवटच्या पाचात जे कोसळायचे त्यांना मागच्या खोलीत नेत. कोंबड्या उलट्या टांगायचे लोखंडी हुक तिथे छताला अजून होते.

मी कुलास. आखाड्यात मी पंच होतो. पायाला सुऱ्या बांधलेल्या दोन कोंबड्यांच्या मधे उभं राहायचं म्हणजे पोटऱ्यांवर वार बसतात, माझ्या पोटऱ्या बघा हवं तर. पण माझ्या एकाही निकालावर कोणाला बोट ठेवता आलं नाही. पैसे खाऊन निकाल फिरवणारे पंच मी पाहिलेत आणि नंतर उसाच्या फडात तोंडावर पडलेलेही पाहिलेत. सरकारने आमचा आखाडा बंद केला, माझी उपासमार सुरू झाली, तेव्हा डेल्फिनने बोलावलं. म्हणाला, “तातय कुलास, फाटकावर बसा.” तातय म्हणजे बाबा, वयाला दिलेला मान. फाटक हे निमित्त होतं. दारुड्याला दारूवाचून करमत नाही तसं त्याला झुंजीवाचून करमत नव्हतं.

एका रविवारी त्याने दोन वेगवान पोरं एकाच टेबलाला समोरासमोर बसवली. पहारेकऱ्यांनी पैसे लावले. तास संपला तेव्हा एकाची बोटं पंजासारखी आखडून बसली होती, उघडता उघडत नव्हती. डेल्फिनचा उजवा हात म्हणजे बेर्तो. विजेचा दांडका घेऊन फिरणारा, मेंदू गुडघ्यात असलेला. तो कुरकुरला, “ही कसली झुंज? चोच कुठाय?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“नियम काय सांगतो, तातय?” डेल्फिनने विचारलं.

नियम असा. झुंज थांबली की पंचाने दोन्ही कोंबडी उचलायची आणि पुन्हा समोरासमोर सोडायची. उभं असलेल्याने पडलेल्याला चोच लावायची. दोनदा. लावली तर जिंकला. नाही लावली तर पुन्हा उचलायचं, असं तीनदा, आणि तरीही नाही लावली तर बरोबरी. समोरचं मेलेलं असलं तरी बरोबरी. ज्याचे त्याचे पैसे परत. मला नियम विचारला की मी नियम सांगतो, त्यामुळे तेव्हाही सांगितला.

डेल्फिन खदाखदा हसला आणि त्याने जिंकलेल्या पोराच्या हातात लोखंडी पाइप दिला. आर्नेल नाव त्याचं, मवाळ पोरगं, मुंगीला वाट देणारं. समोरच्याचे हात टेबलावर धरले होते. आर्नेल रडायला लागला. बेर्तोने त्याच्या मानेला दांडका लावला, पोरगं ताडकन उडालं आणि त्याच भरात त्याने पाइप हाणला. पहिल्या फटक्याला मनगट गेलं. दुसऱ्याला काय गेलं ते मी बघितलं नाही, पण आवाज ऐकला. किती जोरात मारायचं हे नियमात नाही. कोणी विचारलंही नाही. घाबरलेला माणूस नियमापेक्षा जास्तच मारतो.

त्या वर्षीच्या जत्रेला आर्नेल अंतिम झुंज जिंकला आणि डेल्फिनने त्याला खरोखर घरी सोडलं. सगळ्यांच्या देखत फाटक उघडून तीनचाकीत बसवलं. “नुसत्या काठीने कोंबडं लढत नाही,” मला म्हणाला, “समोर कोंबडी दिसावी लागते.” तेव्हापासून पोरं जीव तोडून टाईप करायला लागली. रविवारी रविवारी बोटं मोडत गेली. मोडलेल्या बोटांची माणसं स्वयंपाकघरात जात, नाहीतर आणखी कुठे जात. कुठे, ते मी विचारत नसे.

आता एदिता आणि रोझवीचं सांगतो.

एदिता पन्नाशीची बाई. गावात तिची टायपिंगची शाळा होती, कचेरीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं तिने वळवलेली. रोझवी तिची धर्मलेक. बाप्तिस्म्याच्या वेळी एदितानेच तिला हातात धरलं होतं, म्हणून ती रोझवीची निनांग. टायपिंग तिनेच शिकवलं आणि नोकरीची ही जाहिरातही तिनेच दाखवली. दोघी एकाच जीपमधून आल्या, एकाच फळीवर झोपायच्या. रोज संध्याकाळी कामाची पाळी संपली की रोझवी निनांगचा उजवा हात उचलून कपाळाला लावायची, घरी लावतात तसा. मानो घ्यायची. पहारेकरी दात काढायचे. “आशीर्वाद कसला मागतेस गं? इथून सुटायचा की लवकर मरायचा?” बेर्तो विचारायचा. एदिता त्याच्याकडे बघायची सुद्धा नाही. शाळेत मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघायची नाही तशीच.

पवित्र आठवड्यात सगळे प्रार्थनेला बसलेले असताना रोझवी भिंतीवर चढली. तारेत अडकली. बेर्तोने पाय धरून खाली खेचली, पाठीची सालटी तारेलाच राहिली. मग मागची खोली. मनगटांना आधी टॉवेल गुंडाळले आणि मग हुकाला टांगली, कारण हात कमावते होते. “हात जपा रे,” डेल्फिन दारातून ओरडला. बाकीचं काही जपायचं कारण नव्हतं. कमरेवर, पोटावर, मांड्यांवर पाळीपाळीने मारलं. तेव्हापासून तिला लघवीतून रक्त जात होतं. तोंड मेणबत्तीसारखं झालं. भात खाल्ला की उलटून पडायचा. बोटं मात्र तशीच पळायची, जणू ती वेगळ्याच कोणाची होती.

जत्रा जवळ आली आणि समुद्राकडचा कार्दिंग आला. त्याचंही असंच एक ठिकाण होतं, पण त्याच्याकडे गेलेलं माणूस परत आलेलं कोणी ऐकलं नव्हतं. तो आणि डेल्फिन जुने झुंजबाज. दारू पिऊन दोघांची पैज लागली. जत्रेच्या दिवशी सकाळी पहिल्या फेऱ्या, दुपारी अंतिम. डेल्फिनने रोझवीवर पैसे लावले, कार्दिंगने एदितावर. रोझवी जिंकली तर ती घरी. हरली तर त्याच संध्याकाळी कार्दिंगच्या गाडीत.

“आणि बरोबरी झाली तर?” कार्दिंगने मला विचारलं.

“पुढच्या रविवारी पुन्हा,” मी म्हणालो.

रोझवी पुढचा रविवार बघणार नाही हे फाटकावरच्या कुत्र्यालाही कळत होतं.

कार्दिंग मूर्ख नव्हता. पहिला अर्धा तास रोझवीला कोणी गाठू शकत नसे, पण शेवटच्या पाचात एदिताला. बाई ना हळू व्हायची, ना जोरात. बैल चरकाला लागलेला असतो तशी एका चालीने चालायची आणि समोरचा दमून पडला तरी हिचे शब्द तेवढेच पडायचे. त्यात रोझवी अशी आजारी. सरळ खेळ झाला तर निनांग जिंकणार आणि धर्मलेक कार्दिंगच्या गाडीत जाणार, यात शंका नव्हती.

डेल्फिनलाही हे दिसत होतं, पण त्याच्या डोक्यात नशा होती. वर त्याने सगळ्यांसमोर दम भरला. कारखान्याच्या सांडपाण्याचा हौद मागे अजून होता, त्याचं झाकण पायाने सरकवून म्हणाला, “एदिता, ठरवून हरलीस तर दोघींना यात. तुझा एकेक मिनिटाचा वेग मला पाठ आहे. हात आखडता घेतलास की पडद्यावर दिसेल. काय?”

“दिसेल,” एदिता म्हणाली.

“झुंज मीच ठरवली असं वाटून कार्दिंगसमोर माझं नाक कापलं जाता कामा नये.”

“तुमचं नाक तुमच्याजवळच राहू दे, बॉस,” ती म्हणाली. त्याने तिच्या कानशिलात मारली. हातावर मात्र मारलं नाही.

जत्रेच्या दिवशी आवारात डुक्कर भाजत होतं, बाहेर बँड वाजत होता, पाहुणे पहारेकरी आलेले, बर्फाच्या टपांत बिअरच्या बाटल्या बुडवलेल्या. सकाळच्या फेऱ्यांत एदिताने एकाला हरवलं, रोझवीने एकीला. चोची झाल्या. एदिताने डोळे मिटून दोन फटके मारले आणि त्या पोराला म्हणाली, “बाळा, माफ कर.” पोरगा शुद्धीवर नव्हता. रोझवी मारताना कोसळली, तिला काखेत धरून उभं केलं आणि दुसरा फटका बेर्तोने तिचे हात धरून मारवला. हरलेल्या पोरीचा अंगठा लोंबायला लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तासभर काम करून हात तापले की ते गार पाण्यात घालायचे नाहीत. पास्मा होतो. हात कापायला लागतात, नसा फुगतात, बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत. डॉक्टर हसतात याला, हसू देत. धोबिणीला विचारा, शिवणकाम करणारीला विचारा, माझ्या आईला विचारलं असतंत तर तिने कापणारे हातच दाखवले असते. पाराईसोतली पोरं टायपिंगनंतर हात धूत नसत, तशाच कळकट हाताने भात खात. बेर्तोची तर ती आवडती शिक्षा होती, परीक्षा संपली की एखाद्याचे हात धरून बर्फात बुडवायचे आणि दुसऱ्या दिवशी तो पडद्यावर तळाला गेला की हसायचं.

दुपारी टेबल आवाराच्या मधोमध ठेवलं. वर ताडपत्री. दोघींना आणलं. झुंजीआधी पंच सुऱ्या तपासतो, कोंबड्याच्या अंगाला कोणी काही लावलंय का बघतो. इथे मी हात तपासायचो. आधी रोझवीचे घेतले. तापलेले, कोरडे, पोरीला ताप होता. मग एदिताचे घेतले.

बर्फ होते. बोटांची पेरं लाल झालेली आणि बाहीच्या टोकातून पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. एक थेंब, मग दुसरा. मी बिअरच्या टपाकडे बघितलं. टप जिन्याखाली होता, तिला बसवून ठेवलं होतं त्या बाकाच्या अगदी मागे.

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली केली नाही. ही बाई एक शब्दही हळू टाईप करणार नव्हती. मरेस्तोवर जोर लावणार होती आणि तिची बोटंच तिला दगा देणार होती, सगळ्यांसमोर, खरोखर. पडद्याला यात काही खोटं दिसणार नव्हतं.

खोटं दिसलं होतं ते मला एकट्याला. आखाड्यात असं दिसलं की पंच हात वर करतो आणि झुंज रद्द. आयुष्यभर मी तेच केलं होतं.

“काय झालं, तातय?” बेर्तो मागून म्हणाला.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला. तिचे हात त्यात घेतले आणि पुसले, बोट नि बोट, कोरडे होईस्तोवर.

“घाम आहे,” मी म्हणालो. “चला, बसा.”

शिट्टी वाजली. ताडपत्रीखाली फक्त कळांचा आवाज राहिला, पत्र्यावर तांदूळ सांडावेत तसा. रोझवी सुटली ती सुटलीच. अर्धा तास होईतो ती इतकी पुढे होती की डेल्फिन खुर्चीवर उभा राहून नाचत होता. एदिता आपल्या चालीने. कार्दिंग निवांत. त्याला शेवट माहीत होता.

मग रोझवी उतरायला लागली. तिच्या ओठांवर रक्त आलं, दातांनी ओठ चावला होता की आतून आलं, कळेना. तिच्या खुर्चीखाली ओलं झालं आणि ते नुसतं पाणी नव्हतं. पहारेकरी शिट्ट्या मारायला लागले. पडद्यावर एदिता जवळ आली, आणखी जवळ आली. कार्दिंगने सिगारेट पेटवली.

आणि एदिताचा उजवा हात कापला.

आधी करंगळी. मग सगळाच. एक चूक, पाच शब्द कापले. पुन्हा एक. तिने दात आवळले, मानेच्या शिरा तटतटल्या, ती खरोखर झगडत होती, मी पैजेवर सांगतो, नाटक करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असं पाणी येत नाही. जोर लावेल तेवढा हात जास्त उडायचा. शेवटच्या पाचात, ज्या पाचात तिला कोणी हरवलं नव्हतं, तिची बोटं मासळी टोपलीत तडफडावी तशी कळांवर तडफडत होती. कार्दिंग उठून उभा राहिला. “काय झालं हिला? काय झालं?”

“वय झालं,” डेल्फिन आनंदाने किंचाळला. “म्हातारी झाली रे तुझी कोंबडी!”

शिट्टी झाली. रोझवी नऊ शब्दांनी पुढे.

आवारात नुसता गोंधळ. मी हात वर केला. “चोच,” म्हणालो. निकाल अजून झाला नव्हता.

एदिताचे हात टेबलावर ठेवले. ते अजून कापत होते. बेर्तोने रोझवीला उभं केलं आणि पाइप दिला. अंतिमला तिचे हात कोणी धरायचे नाहीत, हे कार्दिंगने आधीच बजावलं होतं. तिने पाइपकडे बघितलं, मग हातांकडे. त्याच हातांनी तिची बोटं धरून पहिल्यांदा कळांवर ठेवली होती. पाइप तिच्या हातून खाली पडला.

“एक,” मी म्हणालो.

बेर्तोने तिच्या कमरेत लाथ घातली. ती टेबलावर आपटली. पाइप पुन्हा हातात कोंबला.

“मार, पोरी,” एदिता हळू म्हणाली.

“नाही, निनांग.”

“अगं मार! मला काय, मला लागत नाही. दोनदाच मारायचंय.”

“नाही.”

पाइप पुन्हा खाली. “दोन,” मी म्हणालो. माझाच आवाज मला घाण वाटला.

बेर्तोने दांडका लावला. रोझवी जमिनीवर पडली, पाय झाडले, तोंडातून फेस आला. तिला केस धरून उठवलं. कार्दिंग हसायला लागला होता. “बरोबरी रे, डेल्फिन! पंचाला विचार! नियम म्हणजे नियम!” डेल्फिन पांढरा पडला. त्याने पिस्तूल काढून रोझवीच्या डोक्याला लावलं. “चोच मार, नाहीतर इथेच घालतो.”

रोझवी त्याच्याकडे बघत नव्हती. तिला आता तो दिसत तरी होता की नाही कोण जाणे. पाय गेले आणि ती टेबलाशी गुडघ्यांवर आली, एदिताच्या हातांच्या समोर. मी तोंड उघडलं, तीन म्हणायला. तेवढ्यात तिने निनांगचा उजवा हात उचलला आणि कपाळाला लावला. रोजच्यासारखा. पाळी संपली होती ना.

कोणी हसलं.

एदिता माझ्याकडे बघत होती. बाई शिक्षिका होती, नियम एकदा ऐकला की तिच्या डोक्यात छापला जायचा. तिने माझ्यावरची नजर काढली नाही आणि डावा हात पुढे केला. डाव्या हाताचा मानो कोणी घेत नाही. मी तरी आजवर पाहिला नाही.

“हाही घे,” ती म्हणाली. “आणखी एकदा. निनांग सांगते ना.”

रोझवीने डावा हात कपाळाला लावला.

मी आखाड्यात अशी कोंबडी पाहिलीत की जी जिंकली पण मान उचलायचं बळ राहिलं नव्हतं. त्यांची चोच समोरच्याच्या तुऱ्याला नुसती टेकायची. मी ती धरायचो. चोच लागली पाहिजे, एवढंच नियमात आहे. दोनदा.

मी रोझवीचं मनगट धरलं आणि हात वर केला. “दोनदा लागली,” म्हणालो. “जिंकली.”

“आईशप्पथ, जिंकली!” डेल्फिन ओरडला.

कार्दिंगने पाइप उचलला तो थेट माझ्या तोंडावर हाणला. समोरचे दात घशात गेले. मी पडलो, तर लाथ बसली. “हे काय देऊळ आहे का, भडव्या? ही चोच?” मी रक्त थुंकून म्हणालो, “निकाल झालाय.” पुन्हा पाइप बसला, खांद्यावर. डेल्फिनने हवेत गोळी झाडली. कार्दिंगच्या माणसाने हवेत झाडली नाही. बेर्तो माझ्या शेजारी येऊन बसला, पोट धरून, जरा चकित झाल्यासारखा, आणि बोटांतून येणारं रक्त परत आत ढकलायला लागला. दोन्हीकडची पिस्तुलं बाहेर आली, एकाने कोयता काढला, भाजलेल्या डुकराचं टेबल उलटलं. एकाचा कान गेला, एकाला निखाऱ्यांत ढकललं, तो पेटत्या शर्टाने आवारभर पळाला. मग दोघे बॉस एकमेकांच्या छातीवर पिस्तूल रोखून उभे राहिले आणि सगळं थांबलं.

“तातय कुलासचा निकाल आजवर कोणी मोडलेला नाही,” डेल्फिन धापा टाकत म्हणाला. “तू मोडणार असशील तर उद्यापासून तुझ्याशी कोण पैज लावेल ते बघ.”

हे कार्दिंगला लागलं. झुंजबाजाला गोळीचं भय नसतं, पैज बुडवणारा म्हणवून घ्यायचं असतं. त्याने पैजेच्या पैशांची बॅग डेल्फिनच्या पायाशी फेकली.

“फाटक उघडा!” डेल्फिन ओरडला. “जिंकलेली घरी जाणार. शब्द म्हणजे शब्द!”

फाटकाची चावी माझ्याकडे. मी रांगत गेलो आणि उघडलं. तीनचाकी उभी होती. रोझवी एदिताला सोडेना.

“तूही चल, निनांग.”

“मी हरलेय. चालती हो.”

“निनांग...”

“मागे वळून बघितलंस तर परत कधी माझा हात कपाळाला लावायचा नाही. ऐकलंस? चालती हो.”

रोझवी चालायला लागली. एक हात कमरेवर, एक भिंतीला. आवार लांब नाही, पण तिला लांब झालं. ती अर्ध्यात असेल तेव्हा कार्दिंग पाइप घेऊन टेबलाशी गेला.

“माझी चोच राहिलीय,” तो डेल्फिनला म्हणाला.

डेल्फिन बॅगेत बघत होता. “कर काय करायचंय ते. तसाही तो हात गेलाय.”

कार्दिंगने एदिताचा उजवा हात टेबलावर दाबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे. रोझवी चार-पाच पावलांवर होती. पाइप पडला. हाड मोडल्याचा आवाज मी फाटकापाशी ऐकला, कळफलकाच्या कळा उडून मातीत सांडल्या. एदिता ओरडली नाही. पाइप पुन्हा पडला. ती ओरडली नाही. तिचे डोळे फाटले होते, तोंड उघडलेलं होतं आणि त्यातून काहीही येत नव्हतं, कारण आवाज आला असता तर पोरगी परत फिरली असती. माझ्या डोळ्यांसमोरून रोझवी फाटकाबाहेर गेली. मी फाटक लावलं. तीनचाकीचा आवाज बँडच्या आवाजात मिसळला आणि मग एदिताने तोंड मिटलं आणि खाली पडली.

बेर्तो जेवणवेळेआधी मेला. त्याला हौदात टाकला.

एदिताला मीच बघितलं, दुसरं कोण बघणार. कोंबड्याचा मोडलेला पाय बांधतो तशा बांबूच्या कामट्या करून बोटं बांधली. दोन बोटं जगणार नव्हती. तीनचाकीवाला दोन दिवसांनी बिअरच्या रिकाम्या बाटल्या न्यायला आला, तेव्हा सांगून गेला की पोरगी चर्चपाशी उतरली, तिथून तिला नन्सनी दवाखान्यात नेलं, आणि वाटेत एकदाही मागे बघितलं नाही तिने. मी ते एदिताला सांगितलं. ती छताच्या हुकांकडे बघत पडून होती.

मग म्हणाली, “तातय, तुम्ही विचारलं नाही.”

“काय?”

“माझे हात ओले का होते ते. पंच आहात. विचारा ना.”

विचारलं असतं तर ती खरं सांगणारी बाई होती. आणि खरं कळल्यावर मला निकाल बदलावा लागला असता. मी कामट्यांची दोरी आवळली. तोंडात पुढचे दात नव्हते, बोलताना हवा जात होती.

“घाम होता,” मी म्हणालो.

“इतका गार?”

“उन्हाळा आहे, बाई,” मी म्हणालो. “कसाही घाम येतो.”